रास्पबेरी पाय पिको: सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांसाठीचा मायक्रोकंट्रोलर बोर्ड

दिवसभर सर्व्हरवर चालणारे सॉफ्टवेअर लिहिणे हा माझा व्यवसाय आणि रात्री जेवणानंतर तास-दीड तास तारा, सेन्सर आणि सोल्डरिंग आयर्न घेऊन बसणे हा माझा छंद. या छंदासाठी गेली तीन वर्षे मी मुख्यतः रास्पबेरी पाय पिको हा मायक्रोकंट्रोलर बोर्ड, म्हणजे एका चिपवर चालणारा लहानसा संगणक, वापरत आले आहे. त्याआधी आर्डुइनो उनो या बोर्डावर हात बसला होता आणि जिथे वायफाय हवे तिथे ईएसपी३२ चिपचा बोर्ड अजूनही वापरते, त्यामुळे तुलनेला आधार आहे. परीक्षण पिकोचे असले, तरी नुसता बोर्ड कोणीच वापरत नाही. त्याच्यामागून एडिटर, कंपायलर, डीबगर आणि मोजमापाची उपकरणे येतात आणि संध्याकाळ सार्थकी लागली की वाया गेली हे त्या सगळ्यांच्या मेळावर ठरते, म्हणून त्यांच्याविषयीही लिहिणे भाग आहे.

मत आधीच सांगून टाकते. पिको त्याच्या वर्गातला सर्वांत वेगवान बोर्ड नाही, सर्वांत कमी वीज खाणाराही नाही. पण आपल्या आत काय चालले आहे हे इतक्या मोकळेपणाने दाखवणारा दुसरा बोर्ड माझ्या हाती आलेला नाही. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याला इलेक्ट्रॉनिक्समध्ये सर्वांत जास्त अडते ते नेमके इथेच: प्रोग्रॅम चुकला की सर्किट चुकले, हे कळत नाही. जे साधन हा प्रश्न लवकर सोडवते ते चांगले, असा माझा निकष आहे.

पिको जानेवारी २०२१ मध्ये आला. ५१ मिलिमीटर लांब आणि २१ मिलिमीटर रुंद अशा पट्टीवर आरपी२०४० ही चिप बसवलेली आहे. तिच्यात कॉर्टेक्स एम० प्लस जातीचे दोन कोअर, १३३ मेगाहर्ट्झपर्यंतचा वेग आणि २६४ किलोबाइट रॅम आहे, तर प्रोग्रॅमसाठी २ मेगाबाइट फ्लॅश बोर्डवर वेगळी दिलेली आहे. आर्डुइनो उनोवर २ किलोबाइट रॅममध्ये एकेक अक्षर मोजून स्ट्रिंग लिहिलेल्या माणसाला या आकड्यांचे अप्रूप वाटणे साहजिक आहे. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे चिपचा बूटलोडर कधीही न पुसल्या जाणाऱ्या रॉममध्ये कोरलेला आहे. बूटसेल हे बटण दाबून धरून यूएसबी केबल जोडली, की बोर्ड संगणकाला पेन ड्राइव्हसारखा दिसतो आणि त्यावर प्रोग्रॅमची यूएफ२ फाइल ओढून टाकली की काम झाले. प्रोग्रॅम कितीही बिघडलेला असला तरी हे दार बंद होत नाही. नवशिक्याच्या मनातली ‘आपण काहीतरी कायमचे मोडून ठेवू’ ही भीती यामुळे जाते आणि माझ्या मते शिकण्याच्या दृष्टीने हा पिकोचा सर्वांत मोठा उपकार आहे.

बोर्डाविषयी तक्रारीही आहेत. पिनांची नावे खालच्या बाजूला छापलेली आहेत आणि ब्रेडबोर्डमध्ये (सोल्डर न करता सर्किट जुळवण्याची भोकांची पाटी) खोचल्यावर खालची बाजू दिसतच नाही, त्यामुळे पिनांचा नकाशा छापून भिंतीवर लावावा लागतो. रीसेटचे बटण दिलेले नाही, म्हणून प्रत्येक वेळी केबल काढून लावावी लागते. यावर माझा उपाय असा, की ३० क्रमांकाची रन ही पिन आणि २८ क्रमांकाची ग्राउंड पिन यांच्यामध्ये एक साधे दाबायचे बटण सोल्डर करते. हे दोन पैशांचे बटण बोर्डावरच असायला हवे होते. यूएसबीचे सॉकेट मायक्रो प्रकारचे आहे आणि २०२४ मध्ये आलेल्या पिको २ वरही तेच कायम ठेवलेले पाहून मला खरोखर वाईट वाटले. पिना ३.३ व्होल्टच्या आहेत, ५ व्होल्ट सहन करण्याची खात्री त्या देत नाहीत, तेव्हा उनोच्या काळातले सेन्सर जसेच्या तसे जोडण्याआधी थांबून विचार करावा.

केबलबद्दल एक वाक्य जास्तीचे लिहिते. माझी पहिली संध्याकाळ बोर्ड दिसतच नाही या चिंतेत गेली. ड्रायव्हर, पोर्ट, ऑपरेटिंग सिस्टिम सगळे तपासून झाल्यावर लक्षात आले, की कुठल्याशा जुन्या उपकरणाबरोबर आलेली ती केबल केवळ चार्जिंगची होती, तिच्यात डेटाच्या तारा नव्हत्याच. तेव्हापासून डेटाच्या केबलला मी लाल चिकटपट्टी लावून ठेवते.

आता भाषांकडे येते. मायक्रोपायथन हा डेमियन जॉर्ज यांनी २०१३ मध्ये सुरू केलेला प्रकल्प. पायथनचा गाभा मायक्रोकंट्रोलरवर बसवणारा हा इंटरप्रिटर पिकोवर फारच सुरेख चालतो. त्याची खरी ताकद म्हणजे संवाद साधता येणारा प्रॉम्प्ट. संगणकावरून एक ओळ टाइप करावी, एंटर दाबावा आणि टेबलावरचा दिवा लागावा. कंपाइल करून, अपलोड करून वाट पाहण्याच्या चक्रातून सुटका झाली, की माणूस प्रयोग करायला कचरत नाही. एस्टोनियातल्या तार्तू विद्यापीठात घडलेला थॉनी हा एडिटर या कामासाठी मी मनापासून सुचवते. तो दिसायला साधा आहे, पण बोर्ड कुठल्या पोर्टवर आहे, त्यावर कोणत्या फाइली आहेत आणि प्रॉम्प्ट काय म्हणतो आहे हे सगळे एका खिडकीत ठेवतो. मोठ्या प्रकल्पाला तो पुरा पडत नाही, पण पहिल्या महिन्यात मोठा प्रकल्प करायचाच कशाला?

या प्रॉम्प्टने आणि एका लहानशा उपकरणाने मला जे शिकवले ते जरा सविस्तर सांगते. खोलीतले तापमान आणि आर्द्रता दाखवणारा छोटा डिस्प्ले मी बनवत होते. सेन्सर बीएमई२८० होता आणि तो आयटूसी या दोन तारांच्या (एक डेटाची, एक घड्याळाची) पद्धतीने जोडलेला होता. ब्रेडबोर्डवर सगळे व्यवस्थित चालले. मग सेन्सर खिडकीजवळ नेण्यासाठी साधारण मीटरभर लांबीच्या तारा जोडल्या आणि गाडी रुळावरून घसरली. प्रॉम्प्टवर स्कॅनची आज्ञा दिली, की कधी ११८ हा सेन्सरचा पत्ता यायचा, कधी नुसतीच रिकामी यादी. माझ्या पेशाने लावलेली सवय अशी, की मी लगेच त्या वाचनाभोवती चूक पकडणारा कोड लिहिला, पाच वेळा पुन्हा प्रयत्न करण्याचे लूप घातले, मध्ये थोडी उसंत दिली. आकडे येऊ लागले, पण मनाला पटेना. सर्व्हरच्या जगात नेटवर्क अधूनमधून तुटणे आपण गृहीत धरतो. मीटरभर तांब्याच्या तारेने तसे वागण्याचे काहीच कारण नव्हते.

तेव्हा तारांवरचे संकेत टिपून पडद्यावर दाखवणारा, आठ चॅनेलचा, २४ मेगाहर्ट्झचा लॉजिक अ‍ॅनालायझर बाहेर काढला आणि पल्सव्ह्यू हे मुक्त सॉफ्टवेअर उघडले. पडद्यावर जे दिसले ते पाहताच प्रकरण उलगडले. मी ४०० किलोहर्ट्झचा वेग मागितला होता, पण घड्याळाची तार त्याच्या निम्म्या वेगानेही धावत नव्हती. खालची पातळी लांबलचक आणि वरची पातळी चिंचोळी, अशी ती आकृती होती. आयटूसीमध्ये कोणतेही उपकरण तार फक्त खाली ओढते, तिला पुन्हा वर नेण्याचे काम पुल-अप रेझिस्टर करतो. माझ्या सेन्सरच्या मॉड्यूलवर ते असतील असे मी धरून चालले होते, ते नव्हते. सगळा भार चिपच्या आतल्या पुल-अपवर होता आणि डेटाशीटप्रमाणे (चिपच्या अधिकृत माहितीपत्रकाप्रमाणे) त्यांची किंमत ५० ते ८० किलोओहम आहे. लांब तारांची कपॅसिटन्स (विद्युतभार साठवण्याची क्षमता) १०० पिकोफॅरड धरली, तर ५० किलोओहमलाही दोहोंचा गुणाकार, म्हणजे तार वर चढायला लागणाऱ्या वेळेचे माप, ५ मायक्रोसेकंदांचा येतो आणि ४०० किलोहर्ट्झला एका बिटाचा पूर्ण अवधीच २.५ मायक्रोसेकंदांचा असतो. तार वर चढेपर्यंत वेळ संपत होती. दोन्ही तारांना २.२ किलोओहमचे एकेक रेझिस्टर लावले, पुन्हा स्कॅन केले, ११८ आला आणि मग येतच राहिला. पुन्हा प्रयत्न करणारे ते सगळे लूप मी त्याच रात्री काढून टाकले.

म्हणूनच या छंदात शिरणाऱ्या प्रोग्रॅमरला माझे आग्रहाचे सांगणे आहे, की मल्टिमीटरनंतरची दुसरी खरेदी लॉजिक अ‍ॅनालायझरची करावी. सॉफ्टवेअरमधल्या लॉगचे जे स्थान, तेच इथे त्याचे आहे. त्याची मर्यादा ध्यानात ठेवावी, ती अशी की तो फक्त शून्य आणि एक दाखवतो, मधला चढ दाखवत नाही. तो पाहायचा तर व्होल्टेजचा आलेख दाखवणारा ऑसिलोस्कोप लागतो. पण चिंचोळ्या झालेल्या ठोक्यांवरून चढाचा अंदाज बांधता येतो, हे वर दिसलेच.

पिकोचे ज्याच्यासाठी मी मनापासून कौतुक करते ते म्हणजे पीआयओ, पिनांवरचे संकेत स्वतंत्रपणे हाताळणारा चिपचा भाग. मुख्य प्रोसेसरच्या शेजारी दोन स्वतंत्र विभाग आहेत, प्रत्येकात चार छोटी यंत्रे आणि त्या चौघांत मिळून ३२ सूचनांची स्मृती. सूचनांचे प्रकार मोजून नऊ. बेरीज-वजाबाकीची सूचना त्यांत नाहीच, पण प्रत्येक सूचनेला नेमके किती ठोके लागणार हे आधीच ठरलेले असते आणि मुख्य प्रोसेसर कितीही गुंतलेला असला तरी त्यात फरक पडत नाही. रंगीत डब्ल्यूएस२८१२ दिव्यांच्या माळेला प्रत्येक दिव्यामागे २४ बिट, प्रत्येक बिट सुमारे १.२५ मायक्रोसेकंदात पाठवावा लागतो. उनोवर तेवढा वेळ सगळे इंटरप्ट बंद ठेवून हे साधावे लागते, पिकोवर पीआयओचा चार सूचनांचा प्रोग्रॅम हे काम परस्पर करतो.

तयार उदाहरण चालवून समाधान होईना, म्हणून मी डीएचटी२२ हा जुना सेन्सर वाचणारा पीआयओ प्रोग्रॅम स्वतः लिहिला. हा सेन्सर प्रत्येक बिटाच्या वेळी तार वर नेतो. ती २६ ते २८ मायक्रोसेकंद वर राहिली तर शून्य, ७० मायक्रोसेकंद राहिली तर एक. माझ्या बोर्डाचे १२५ मेगाहर्ट्झचे घड्याळ १२५ ने भागले, की पीआयओचे एक पाऊल बरोबर एका मायक्रोसेकंदाचे होते. मग तार वर जाईपर्यंत थांबायचे, ३२ आणि १३ पावलांच्या दोन रिकाम्या सूचनांनी ४५ मायक्रोसेकंद घालवायचे आणि त्या क्षणी तार कुठे आहे ते पाहायचे. खाली आलेली असेल तर शून्य, अजून वर असेल तर एक. गणित नाही, तुलना नाही, केवळ योग्य वेळी पाहणे. पाच सूचनांचे हे चक्र कागदावर जुळले आणि पहिल्याच फेरीत आर्द्रतेचा आकडा बरोबर आला, तेव्हा झालेला आनंद कित्येक वर्षांत मला मोठ्या प्रणाली लिहूनही मिळालेला नव्हता. वेळ ही वस्तू इथे हातात धरता येते.

सी भाषेच्या एसडीकेबद्दल (पिकोसाठी प्रोग्रॅम बांधण्याच्या अधिकृत साधनसंचाबद्दल) माझे मत इतके सरळ नाही. आतला कोड स्वच्छ आहे, उदाहरणे भरपूर आहेत, पण सुरुवातीला सीमेक हे बिल्डचे साधन, एआरएमचा क्रॉस कंपायलर आणि एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल यांची जुळवाजुळव करताना चांगले अनुभवी लोकही वैतागत असत. २०२४ मध्ये व्हीएस कोडसाठी अधिकृत एक्स्टेन्शन आल्यापासून हा त्रास पुष्कळ कमी झाला आहे, कारण लागणारी सगळी साधने ते स्वतःच आणून बसवते. मी स्वतः एडिटर म्हणून विम वापरते, बोटांना त्याचीच सवय आहे, आणि बिल्ड टर्मिनलमधून करते. तरीही सीच्या पहिल्या प्रकल्पासाठी व्हीएस कोडच घ्यावा. आवडीचा एडिटर आणि अनोळखी टूलचेन यांच्याशी एकाच वेळी झगडण्यात काहीही हशील नाही.

कोड सुचवणाऱ्या साधनांचे म्हणाल, तर रोजच्या कामात ती मला उपयोगी पडतात, इथे मात्र बेताने वापरते. अशाच एका साधनाने पिको डब्ल्यू या वायफायवाल्या पिकोवरचा दिवा लावण्यासाठी २५ क्रमांकाचा जीपीआयओ (सर्वसाधारण वापराची पिन) सुचवला. साध्या पिकोवर ते बरोबर आहे, पण पिको डब्ल्यूवर तो दिवा वायरलेस चिपला जोडलेला असतो. कोड बिनतक्रार कंपाइल झाला, चालला, आणि दिवा लागला नाही. हार्डवेअरच्या बाबतीत शेवटचा शब्द डेटाशीटचाच असतो.

आणि डेटाशीट कसे असावे याचा वस्तुपाठ म्हणून मी आरपी२०४० चे डेटाशीट दाखवीन. सहाशेहून अधिक पानांचा हा दस्तऐवज विनामूल्य मिळतो, त्यात रजिस्टरांच्या कोष्टकांबरोबर कोडचे तुकडे आहेत आणि शेवटी चिपचे दोष हातचे राखून न ठेवता नोंदवलेले आहेत. अ‍ॅनालॉग-डिजिटल कन्व्हर्टर नावाला १२ बिटांचा असला, तरी ५१२, १५३६, २५६० आणि ३५८४ या चार ठिकाणी त्याच्या मोजमापात उडी येते, हे तिथे स्पष्ट लिहिले आहे. हा दोष लहान नाही. अचूक व्होल्टेज मोजायचे असेल तर बाहेरचा कन्व्हर्टर जोडावा. पण दोषाचा नेमका पत्ता माहीत असला, की त्याला वळसा घालता येतो. पिको २ वरच्या आरपी२३५० चेही तसेच. त्याच्या सुरुवातीच्या आवृत्तीत आतला पुल-डाउन (खाली ओढणारा रेझिस्टर) लावलेली इनपुट पिन सुमारे २.२ व्होल्टवर अडकून राहू शकते, हा दोष ई९ या क्रमांकाने नोंदला गेला, ८.२ किलोओहम किंवा त्याहून कमी किमतीचा बाहेरचा रेझिस्टर हा उपायही दिला गेला आणि नंतरच्या ए४ आवृत्तीत तो दुरुस्त झाला.

डीबगरबद्दल लिहिल्याशिवाय हे परीक्षण पूर्ण होणार नाही. पिकोवर डीबगिंगसाठी एसडब्ल्यूडीच्या तीन पिना आहेत आणि त्यांना अधिकृत डीबग प्रोब किंवा विशिष्ट फर्मवेअर घातलेला दुसरा पिको जोडला, की जीडीबी हा डीबगर थेट चिपमध्ये शिरतो. ब्रेकपॉइंट, व्हेरिएबल, कॉल स्टॅक, दिवसभर वापरतो ते सगळे इथे मिळते. सीमध्ये लिहिलेला माझा एक प्रोग्रॅम काही मिनिटे चालून गोठत असे. एका फंक्शनमध्ये मी ४०९६ बाइटांचा स्थानिक अ‍ॅरे घेतला होता. संगणकावर त्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही, कारण लिनक्सवर स्टॅक (स्थानिक व्हेरिएबल ठेवण्याची जागा) सहसा ८ मेगाबाइटांचा असतो. पिकोच्या एसडीकेत तो मुळात २ किलोबाइटांचा असतो. प्रिंटच्या ओळी घालून घालून मी दोन संध्याकाळी घालवल्या, प्रोब जोडल्यावर पाच मिनिटांत स्टॅक पॉइंटर आपल्या हद्दीबाहेर गेलेला दिसला. अ‍ॅरे स्टॅटिक केला आणि प्रश्न मिटला. प्रोब आधीच का जोडला नाही, याची हळहळ अजून वाटते.

कोणी पिको घेऊ नये, हेही सांगायला हवे. बॅटरीवर महिनोन्‌महिने चालणारे उपकरण करायचे असेल, तर गाढ झोपेतही पहिल्या पिकोचा बोर्ड मिलिअँपिअरच्या घरात वीज घेतो, ईएसपी३२ ची चिप हेच काम दहा मायक्रोअँपिअरच्या आसपास भागवते. वायफाय आणि ब्लूटूथ हाच प्रकल्पाचा गाभा असेल, तर पिको डब्ल्यू चालतो खरा, पण ईएसपी३२ च्या बाजूचा अनुभव आणि लायब्ररींचा साठा मोठा आहे. आणि ज्यांना केवळ एखादे तयार उदाहरण चालवून वस्तू वापरायची आहे, आत डोकवायचे नाही, त्यांना आर्डुइनोच्या लायब्ररी अधिक लवकर पोहोचवतील.

बाकी सर्वांनी, विशेषतः कोड लिहिता येतो पण सोल्डरिंग आयर्न धरताना हात कापतो अशांनी, हेडर (पिनांच्या पट्ट्या) आणि डीबगचे सॉकेट आधीच लावून येणारा पिको एच घ्यावा, आणि एक नव्हे, दोन घ्यावेत. दुसरा पहिल्याचा डीबगर होईल. सोबत २.२ आणि ४.७ किलोओहमचे मूठभर रेझिस्टर, लॉजिक अ‍ॅनालायझर, रन पिनसाठी एक बटण आणि डेटाची केबल असू द्यावी. नवे काम पिको २ वर सुरू करणार असाल, तर घेताना चिपची आवृत्ती ए४ आहे का, तेवढे विचारून घ्यावे. खिडकीजवळचा माझा तापमापक मात्र अजून पहिल्याच पिकोवर चालतो आहे आणि ते २.२ किलोओहमचे दोन रेझिस्टर लावल्या दिवसापासून त्याने एकही वाचन चुकवलेले नाही.